जलशुद्धीकरण

पाण्यात मिसळलेले अनिष्ट व अपायकारक पदार्थ आणि रोगजंतू काढून टाकून किंवा निष्प्रभ करून ते पाणी ठरावीक उपयोगासाठी योग्य करण्याच्या प्रक्रियांना जलशुद्धीकरण असे म्हणतात. बाष्पित्रासाठी लागणारे पाणी, औषधनिर्मितीसाठी लागणारे पाणी आणि पिण्याचे पाणी यांच्या शुद्धतेच्या कसोट्या वेगवेगळ्या असल्याने त्यांच्या शुद्धीकरणाच्या पद्धतीही वेगवेगळ्या असतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः पिण्याच्या पाण्याचा विचार केला आहे.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पूर्णतः शुद्ध पाणी निसर्गात आढळत नाही. पावसाचा थेंब जमिनीवर येईपर्यंत हवेतील वायू व धूळ त्यात मिसळलेली असतात. जमिनीवरून वाहताना माती व सेंद्रिय पदार्थ आणि जमिनीत मुरताना खडकांतील क्षार त्यात मिसळतात. त्यामुळे पिण्याचे पाणी शुद्ध करणे म्हणजे त्यातील प्रत्येक पदार्थ काढून टाकणे नव्हे, तर आरोग्यास घातक घटक सुरक्षित मर्यादेच्या आत आणणे होय. पाण्यातील सर्व प्रकारच्या अशुद्धी दूर करणारी आणि सर्वत्र उपयोगी पडणारी अशी एकच पद्धत अस्तित्वात नाही. कोणती अशुद्धी आहे हे ठरल्यावरच पद्धत ठरवता येते.

अशुद्धींचे प्रकार

पाण्यातील अशुद्धींचे स्थूलमानाने चार गट पडतात.

१. तरंगणारे व निलंबित पदार्थ : पालापाचोळा, काड्या, वाळू, माती इत्यादी. पाणी स्थिर ठेवल्यास यांतील जड कण तळाशी बसतात.

२. कलिल कण : अतिसूक्ष्म चिकणमाती व सेंद्रिय द्रव्ये. यांचा आकार साधारणतः एक मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असतो. पावसाळ्यातील नदीच्या पाण्याचा न निवळणारा गढूळपणा मुख्यतः यांच्यामुळे असतो.

३. विरघळलेले पदार्थ : कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम यांचे क्षार, लोह, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, तसेच कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड यांसारखे वायू. यांतील अनेक पदार्थ डोळ्यांना दिसत नाहीत आणि काहींना चव किंवा वासही नसतो.

४. सूक्ष्मजीव : जीवाणू, विषाणू, आदिजीव आणि कृमींची अंडी. पटकी, विषमज्वर, अतिसार, आमांश, 'अ' व 'ई' प्रकारची कावीळ हे रोग दूषित पाण्यातून पसरतात.

पहिल्या दोन गटांतील अशुद्धी बहुधा नजरेला दिसते, पुढील दोन गटांतील बहुधा दिसत नाही. त्यामुळे पाणी स्वच्छ दिसणे हा ते सुरक्षित असल्याचा पुरावा ठरत नाही.

इतिहास

पाणी निवळण्याचे व गाळण्याचे उपाय प्राचीन काळापासून ज्ञात आहेत. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निर्मळ करणाऱ्या सात साधनांची यादी असून तीत कतक म्हणजे निवळीच्या बिया आणि वस्त्र यांचा समावेश आहे. निवळीची बी भांड्याच्या आतल्या बाजूला उगाळली असता तिच्यातील द्रव्यांमुळे पाण्यातील सूक्ष्म कण एकत्र येऊन तळाशी बसतात. घराघरांत पाण्यात तुरटी फिरवण्याची जी रीत आहे तिच्यामागेही हेच तत्त्व आहे.

संपूर्ण गावाला गाळलेले पाणी पुरवण्याचा आधुनिक काळातील एक आरंभीचा प्रयत्न १८०४ मध्ये स्कॉटलंडमधील पेझली येथे जॉन गिब यांनी केला. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी लंडनमधील चेल्सी जलकंपनीसाठी वाळूची मोठी गाळणी उभारली. पाण्यातून रोग पसरतो ही गोष्ट मात्र त्या काळी सर्वमान्य नव्हती. १८५४ मध्ये लंडनमधील ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीची साथ आली असता जॉन स्नो यांनी रुग्णांच्या घरांची नोंद करून साथीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडला. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त व कोलकाता येथे संशोधन करून पटकीचा जीवाणू ओळखला.

गाळण्याचे महत्त्व १८९२ च्या जर्मनीतील साथीने स्पष्ट झाले. हँबुर्ग व आल्टोना ही लगतची शहरे एल्ब नदीचेच पाणी वापरत होती. हँबुर्गमध्ये ते न गाळता पुरवले जाई, तर आल्टोना येथे ते वाळूतून गाळून पुरवले जाई. आल्टोना प्रवाहाच्या खालच्या बाजूला असल्याने हँबुर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणी त्याच्या वाट्याला येत होते. तरीही त्या वर्षी हँबुर्गमध्ये पटकीने साडेआठ हजार किंवा त्याहून अधिक माणसे दगावली आणि आल्टोना बऱ्याच अंशी वाचले. दोन्ही शहरांची हवा, जमीन व नदी सारखीच होती. फरक केवळ वाळूच्या थराचा होता. कॉख यांनी या उदाहरणाच्या आधारे पाणी गाळण्याचा आग्रह धरला.

सार्वजनिक पाणीपुरवठ्यात क्लोरीनचा सातत्याने वापर विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. बेल्जियममधील मिडलकेर्क येथे १९०२ मध्ये आणि अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ मध्ये तो करण्यात आला.

भारतात या विषयाच्या संशोधनासाठी १९५८ मध्ये नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) असे झाले.

जलशुद्धीकरण केंद्रातील टप्पे

नदी किंवा धरणाचे पाणी शहराला पुरवण्यापूर्वी त्यावर क्रमाने अनेक प्रक्रिया केल्या जातात. मुंबईसाठी भांडुप व पांजरापूर, पुण्यासाठी पर्वती आणि गोव्यात खांडेपार नदीवरील ओपा येथे अशी केंद्रे आहेत. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचे काम सोपे करतो, म्हणून त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो.

चाळणे : पाणी उचलण्याच्या ठिकाणी लोखंडी गजांच्या व तारांच्या जाळ्या बसवून पालापाचोळा, काटक्या, प्लास्टिक व मासे अडवले जातात.

वायुमिश्रण : पाणी पायऱ्यांवरून पातळ थरात किंवा कारंज्यातून सोडले जाते. हवेशी संपर्क आल्याने कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड निघून जातात, प्राणवायूचे प्रमाण वाढते आणि विरघळलेल्या लोहाचे न विरघळणाऱ्या तांबूस संयुगात रूपांतर होते.

किलाटन व कणसंकलन : वाळूचा ०.१ मिलिमीटर व्यासाचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास सुमारे दोन मिनिटे घेतो. एक मायक्रॉन व्यासाच्या मातीच्या कणास तेवढ्याच अंतरासाठी बारा-तेरा दिवस लागतात. त्याहून सूक्ष्म कण व्यवहारतः खाली बसतच नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण विद्युतभार असतो आणि समान भारामुळे ते परस्परांना दूर सारतात. पाण्यात तुरटी (ॲल्युमिनियम सल्फेट) किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड मिसळल्यास हा भार निष्प्रभ होतो व कण एकमेकांना चिकटू शकतात. या क्रियेला किलाटन म्हणतात. याच वेळी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट कण तयार होतात. पाणी सुरुवातीस जोराने व नंतर वीस ते तीस मिनिटे अगदी सावकाश ढवळल्याने सूक्ष्म कणांचे मोठे पुंजके बनतात. हे कणसंकलन होय. या वेळी वेगाने ढवळल्यास बनलेले पुंजके पुन्हा फुटतात.

तुरटीचे योग्य प्रमाण पाण्याच्या गढूळपणानुसार बदलते. ते ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत एकाच पाण्याच्या अनेक पात्रांत तुरटीची वेगवेगळी मात्रा घालून सर्वांत चांगले निवळण कोठे होते ते पाहतात. पावसाळ्यात ही चाचणी वारंवार करावी लागते.

निवळण : पुंजके तयार झालेले पाणी मोठ्या टाकीतून साधारणतः दोन ते चार तास अतिशय संथ गतीने वाहू दिले जाते. पुंजके तळाशी बसतात व वरचे निवळलेले पाणी गाळण्याकडे जाते. तळाचा गाळ वेळोवेळी काढून टाकतात.

गाळणे (निस्यंदन) : वाळूच्या गाळण्या दोन प्रकारच्या असतात. मंदगती गाळणीत पाणी बारीक वाळूतून तासाला सुमारे १० ते २० सेंटिमीटर इतक्याच वेगाने उतरते. काही दिवसांत वाळूच्या पृष्ठभागावर शैवाले, जीवाणू व आदिजीव यांचा बुळबुळीत थर तयार होतो. हा जैविक थर रोगजंतू अडवतो व त्यांचा नाशही करतो. हँबुर्गच्या साथीत आल्टोना याच प्रकारच्या गाळणीमुळे वाचले. या गाळणीला रसायने किंवा वीज फारशी लागत नाही. मात्र जागा पुष्कळ लागते आणि पाणी फार गढूळ असल्यास ती लवकर तुंबते.

शीघ्रगती गाळणीत वाळू थोडी जाड असते आणि पाणी तासाला सुमारे पाच मीटर वेगाने उतरते. कमी जागेत खूप पाणी गाळता येत असल्याने शहरांत हीच गाळणी वापरतात. तिच्यात जैविक थर तयार होत नाही, म्हणून आधी किलाटन व निवळण करणे आणि नंतर निर्जंतुकीकरण करणे आवश्यक ठरते. गाळणी तुंबली की खालून वर हवा व पाणी जोराने सोडून वाळू धुतली जाते. वाळूवर हलक्या व जाड कणांचा दुसरा थर दिल्यास गाळणी अधिक काळ चालते. महाराष्ट्रात रामटेक व वरणगाव येथील लहान केंद्रांत १९७० च्या दशकात या वरच्या थरासाठी नारळाच्या करवंटीचा चुरा वापरण्यात आला.

निर्जंतुकीकरण : गाळल्यानंतरही काही सूक्ष्मजीव पाण्यात राहतात. त्यांचा नाश करण्यासाठी बहुतेक ठिकाणी क्लोरीन वापरतात. क्लोरीन पाण्यात मिसळल्यावर हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते जंतूंच्या पेशीत शिरून त्यांचा नाश करते. पाणी अधिक अल्कधर्मी असल्यास हे आम्ल कमी प्रमाणात राहते व परिणाम मंदावतो. क्लोरीनचा काही भाग पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये, लोह व अमोनिया यांच्यावर खर्ची पडतो. ही मागणी पुरी होऊन उरणाऱ्या क्लोरीनला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. पाण्याशी किमान अर्धा तास संपर्क झाल्यावर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त अवशिष्ट क्लोरीन राहणे आवश्यक मानले जाते.

हा अवशेष निरुपयोगी नसतो. केंद्रातून निघालेले पाणी घरापर्यंत पोहोचण्यापूर्वी अनेक किलोमीटर जलवाहिन्यांतून जाते. दिवसातून काही तासच पाणी सोडले जाते अशा गावांत उरलेल्या वेळी वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि फुटलेल्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. अवशिष्ट क्लोरीन अशा वेळी काही प्रमाणात संरक्षण देते आणि शेवटच्या नळावर ते न आढळल्यास वाटेत काही बिघाड असल्याची सूचना मिळते. नळाच्या पाण्याला येणारा क्लोरीनचा किंचित वास म्हणूनच दोष समजू नये.

क्लोरीनलाही मर्यादा आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम या आदिजीवाच्या पुटींवर त्याचा नेहमीच्या मात्रेत परिणाम होत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात या आदिजीवामुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. तेथे पाण्यात क्लोरीन होते, परंतु गाळण्याची प्रक्रिया कमी पडली होती. तसेच पाण्यात सेंद्रिय द्रव्ये शिल्लक असल्यास क्लोरीनशी त्यांचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन वर्गातील अपायकारक संयुगे तयार होतात. पाणी आधी नीट निवळून व गाळून घेतल्यास दोन्ही धोके कमी होतात.

ओझोन व जंबुपार किरण हे क्लोरीनचे पर्याय आहेत. ओझोन प्रभावी असला तरी तो पाण्यात टिकत नाही. जंबुपार किरण जंतूंच्या जनुकीय द्रव्यावर आघात करून त्यांचे पुनरुत्पादन थांबवतात. मात्र पाणी गढूळ असल्यास कणांच्या आड जंतू सुरक्षित राहतात.

विरघळलेल्या अशुद्धी दूर करण्याच्या पद्धती

वर वर्णिलेल्या टप्प्यांनी पाणी स्वच्छ व जंतुरहित होते. परंतु त्यात विरघळलेले बहुतेक क्षार तसेच राहतात. भूजलाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते.

कठीणपणा : कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरी पुटे चढतात. बायकार्बोनेटमुळे आलेला तात्पुरता कठीणपणा पाणी उकळल्याने जातो. क्लोराइड व सल्फेट यांच्यामुळे आलेला कायम कठीणपणा घालवण्यासाठी धुण्याचा सोडा किंवा आयन-विनिमय पद्धत वापरतात. या पद्धतीत राळेच्या मण्यांवरील सोडियमच्या जागी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम अडकतात. मणी संपृक्त झाल्यावर मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येतात.

लोह : काही विंधनविहिरींचे पाणी उपसताना नितळ असते, पण हंड्यात काही वेळ ठेवल्यावर तांबूस होते. हवेतील प्राणवायूशी विरघळलेल्या लोहाचा संयोग झाल्याचे ते चिन्ह असते. वायुमिश्रण करून पाणी वाळूतून गाळल्यास असे लोह दूर होते.

फ्लोराइड : लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी दीर्घकाळ पिण्यात आल्यास दातांवर डाग पडतात. प्रमाण अधिक असल्यास हाडे व सांधे ताठरतात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. नीरीने विकसित केलेल्या व तेलंगणातील जिल्ह्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'नलगोंडा' पद्धतीत पाण्यात चुना, विरंजक चूर्ण व तुरटी ठरावीक प्रमाणात मिसळून ढवळतात. तयार होणाऱ्या पुंजक्यांबरोबर फ्लोराइड तळाशी बसते. येथे तुरटी नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक लागते आणि तिचे प्रमाण पाण्याची तपासणी करूनच ठरवावे लागते. घरी अंदाजाने तुरटी फिरवून फ्लोराइड जात नाही. सक्रियित ॲल्युमिनाच्या कणांवर फ्लोराइडचे अधिशोषण करणे हा दुसरा मार्ग आहे.

नायट्रेट : रासायनिक खते, जनावरांचे मलमूत्र व सांडपाणी जमिनीत मुरल्याने विहिरींत नायट्रेट वाढते. अधिक नायट्रेटमुळे तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. आयन-विनिमय किंवा व्यस्त परासरण यांनी ते दूर करता येते. उकळल्याने ते जात नाही.

रंग, वास व कीटकनाशके : यांसाठी सक्रियित कोळसा वापरतात. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांमुळे पृष्ठभाग फार मोठा असतो व त्यावर सेंद्रिय द्रव्ये धरून ठेवली जातात. कालांतराने हा पृष्ठभाग भरून जातो, म्हणून कोळसा वेळच्या वेळी बदलावा लागतो.

खारेपणा : अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात भूजल खारे असलेला विस्तृत प्रदेश असून त्यास खारपाणपट्टा म्हणतात. असे पाणी कितीही गाळले वा उकळले तरी गोडे होत नाही. त्यासाठी ऊर्ध्वपातन किंवा व्यस्त परासरण लागते, किंवा धरणाचे गोडे पाणी नळयोजनेद्वारे आणावे लागते. ऊर्ध्वपातनात पाण्याची वाफ करून ती थंड केली जाते. क्षार मागे राहतात, पण इंधन पुष्कळ खर्च होते.

व्यस्त परासरणात (आरओ) खाऱ्या पाण्यावर त्याच्या परासरण दाबापेक्षा अधिक दाब देऊन ते अर्धपार्य पटलातून ढकलले जाते. पाणी पलीकडे जाते व बहुतांश क्षार अलीकडे राहतात. सिडनी लोब व भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे १९६० मध्ये तयार केलेल्या सेल्युलोज ॲसिटेटच्या पटलामुळे ही पद्धत व्यवहार्य झाली. चेन्नईजवळील मिंजूर व नेम्मेली येथे याच पद्धतीने समुद्राचे पाणी गोडे केले जाते.

घरगुती आरओ यंत्रात एक लिटर पाणी मिळवण्यासाठी साधारणतः दोन ते चार लिटर पाणी बाहेर टाकले जाते. क्षारांचे प्रमाण मुळातच कमी असलेल्या नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यासाठी हे यंत्र वापरणे म्हणजे आवश्यक खनिजे व पाणी दोन्ही वाया घालवणे होय. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी विद्राव्य घनपदार्थ असलेल्या पाण्यासाठी अशा यंत्रांवर बंदी घालण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते.

घरगुती पद्धती

वस्त्रगाळ करणे : स्वच्छ सुती कापडाने कचरा व मोठे कण अडतात. बांगलादेशात रिटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या सुती साडीच्या चार ते आठ घड्या करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पटकीचे जीवाणू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात व त्या प्राण्यांबरोबर कापडावर अडकतात. जुन्या कापडाचे धागे सैल होऊन छिद्रे बारीक होत असल्याने ते नव्यापेक्षा अधिक उपयोगी ठरले. तथापि मोकळे जीवाणू व विषाणू कापडातून सहज पार होतात; त्यामुळे हा उपाय पूर्ण संरक्षण देत नाही.

उकळणे : पाण्याला खळखळून उकळी आणल्यास जीवाणू, विषाणू व आदिजीव तिन्ही नष्ट होतात. समुद्रसपाटीपासून फार उंच नसलेल्या प्रदेशात एक मिनिटाची उकळी पुरेशी असते. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून निववावे. उकळल्याने फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक किंवा मीठ कमी होत नाही. पाणी आटल्यामुळे उलट त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

तुरटी फिरवणे : यामुळे गढूळपणा जातो व त्याबरोबर काही जंतूही तळाशी बसतात, परंतु सर्व जंतू मरत नाहीत. वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात घेऊन ते उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे द्रावण घालावे.

उन्हात ठेवणे : पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवल्यास किरणांमुळे जंतू निष्प्रभ होतात. आकाश ढगाळ असल्यास दोन दिवस लागतात.

साठवण : शुद्ध केलेले पाणी हात बुडवल्याने किंवा अस्वच्छ पेल्याने पुन्हा दूषित होते. झाकण असलेले भांडे व लांब दांड्याचा ओगराळा किंवा तोटी वापरणे हा शुद्धीकरणाचाच भाग मानला पाहिजे.

विहिरीचे निर्जंतुकीकरण

ग्रामीण भागात विहिरीच्या पाण्यासाठी विरंजक चूर्ण वापरतात. महाराष्ट्रात ते 'टीसीएल पावडर' या नावाने ओळखले जाते. चांगल्या चूर्णात सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असते. पिशवी उघडी राहिल्यास किंवा ओल लागल्यास ते झपाट्याने कमी होते.

गोल विहिरीतील पाणी लिटरमध्ये मोजण्यासाठी विहिरीच्या व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली (दोन्ही मोजमापे मीटरमध्ये) आणि ७८५ यांचा गुणाकार करतात. उदाहरणार्थ, व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असल्यास ९ × ४ × ७८५ = २८,२६० लिटर पाणी होते. दर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम या आरंभीच्या प्रमाणाने सुमारे ७० ग्रॅम चूर्ण लागते. ते बादलीत थोड्या पाण्यात कालवून नंतर पाणी वाढवतात, चुना तळाशी बसू देतात व केवळ वरचे निवळ विहिरीत सोडतात. तळाचा चुना विहिरीत टाकल्यास पाण्याचा कठीणपणा वाढतो. पोहरा वरखाली करून द्रावण मिसळल्यावर सुमारे एक तास पाणी वापरत नाहीत. त्यानंतर अवशिष्ट क्लोरीन तपासतात. ते न आढळल्यास विहिरीतील क्लोरीनची मागणी अधिक आहे असे समजून आणखी द्रावण घालतात. थोडक्यात, हिशेबाने ठरवलेली मात्रा हा केवळ आरंभ असतो. निर्णय तपासणीनेच होतो.

गुणवत्तेची तपासणी

भारतात पिण्याच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस १०५०० : २०१२' हे मानक लागू आहे. त्यातील काही महत्त्वाच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत. जेथे दोन आकडे दिले आहेत तेथे पहिला स्वीकारार्ह मर्यादेचा असून दुसरा, पर्यायी स्रोत उपलब्ध नसल्यास चालणाऱ्या कमाल मर्यादेचा आहे.

– सामू : ६.५ ते ८.५
– गढूळपणा : १ व ५ एनटीयू
– एकूण विद्राव्य घनपदार्थ : लिटरमागे ५०० व २००० मिलिग्रॅम
– एकूण कठीणपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) : लिटरमागे २०० व ६०० मिलिग्रॅम
– फ्लोराइड : लिटरमागे १.० व १.५ मिलिग्रॅम
– नायट्रेट : लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, यात सवलत नाही
– ई. कोलाय जीवाणू : १०० मिलिलिटर पाण्यात आढळता कामा नयेत

ई. कोलाय हा माणसाच्या व प्राण्यांच्या आतड्यात राहणारा जीवाणू आहे. तो पाण्यात आढळणे म्हणजे त्या पाण्याचा विष्ठेशी संपर्क आल्याचे चिन्ह होय. प्रत्येक रोगजंतू स्वतंत्रपणे शोधणे अवघड असल्याने हा सूचक वापरला जातो. गावपातळीवर हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली वापरतात. तीत भरलेले पाणी एक-दोन दिवसांत काळे पडल्यास ते दूषित असल्याची शंका घेतली जाते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या जलस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून जोखमीनुसार हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची पद्धत आहे.

पद्धतीची निवड

एका अशुद्धीवरचा उपाय दुसरीवर लागू पडत नाही, ही गोष्ट दुर्लक्षिल्यास काय घडते याचे सर्वांत गंभीर उदाहरण गंगेच्या त्रिभुज प्रदेशात आढळते. तळी व नद्यांच्या पाण्यातून पसरणारे अतिसार व पटकी टाळण्यासाठी बांगलादेशात व पश्चिम बंगालमध्ये १९७० च्या दशकापासून मोठ्या संख्येने कूपनलिका खोदण्यात आल्या. त्यांचे पाणी नितळ होते व त्यात रोगजंतू फारसे नव्हते. मात्र त्या प्रदेशातील गाळाच्या थरांतून आर्सेनिक पाण्यात उतरलेले होते आणि त्याची तपासणी झालेली नव्हती. १९८३ च्या सुमारास कोलकात्यात त्वचेवर डाग व चट्टे असलेल्या रुग्णांचे निदान झाल्यावर ही बाब उघडकीस आली. पुढे कोट्यवधी लोक असे पाणी पीत असल्याचे स्पष्ट झाले. हे पाणी उकळून काही उपयोग नव्हता. आर्सेनिक दूर करण्यासाठी लोहाच्या संयुगांवर त्याचे अधिशोषण करणाऱ्या गाळण्या वापरल्या जाऊ लागल्या. आर्सेनिक अधिक असलेल्या नळांना लाल व सुरक्षित नळांना हिरवा रंग देण्यात आला. जो स्रोत जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित होता, तोच रसायनांच्या दृष्टीने घातक ठरला.

प्रमुख अशुद्धी आणि त्यांवरील उपाय यांचा सारांश पुढीलप्रमाणे देता येईल.

– गढूळपणा : तुरटी, निवळण, गाळणे
– जीवाणू व विषाणू : उकळणे, क्लोरीन, जंबुपार किरण
– आदिजीवांच्या पुटी : उकळणे, चांगली गाळणी, जंबुपार किरण
– लोह : वायुमिश्रण व गाळणे
– कठीणपणा : उकळणे (केवळ तात्पुरता), आयन-विनिमय
– फ्लोराइड : नलगोंडा पद्धत, सक्रियित ॲल्युमिना, व्यस्त परासरण
– आर्सेनिक : लोहसंयुगांवर अधिशोषण, व्यस्त परासरण
– नायट्रेट : आयन-विनिमय, व्यस्त परासरण
– खारेपणा : व्यस्त परासरण, ऊर्ध्वपातन
– वास, रंग, कीटकनाशके : सक्रियित कोळसा

यावरून दिसून येते की, नदी, तलाव व उघड्या विहिरी यांच्या पाण्यात मुख्य धोका बहुधा जंतूंचा असतो आणि तेथे निवळणे, गाळणे व निर्जंतुकीकरण हा क्रम पुरेसा ठरू शकतो. खोल विंधनविहिरींच्या पाण्यात धोका बहुधा विरघळलेल्या द्रव्यांचा असतो व तो रासायनिक तपासणीवाचून कळत नाही. सुरक्षित स्रोत निवडणे व त्याच्या परिसरात घाण होऊ न देणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. ते शक्य नसेल तेव्हा आधी पाण्याची तपासणी, नंतर पद्धतीची निवड आणि शेवटी पुन्हा तपासणी असा क्रम ठेवावा लागतो.